भावानं धुतलेलं सोनं

आमच्या देवघरात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्या मधोमध बोटभर उंचीची एक काचेची बाटली कितीतरी महिने उभी होती. तिला रोज हळदकुंकू लागायचं, जास्वंदीचं फूल मिळायचं, आणि बाळकृष्णाच्या वाटणीचा लोण्याचा गोळाही कधीमधी तिच्यासमोर सरकवला जायचा. बाटलीत पाण्यासारखं काहीतरी होतं आणि त्यात सोनेरी कपचे होते. हलवली की ते वर उठायचे, गरगर फिरायचे आणि सावकाश खाली बसायचे. पूजा झाली की आई ती एकदा हलवायची आणि शेवटचा कपचा खाली बसेपर्यंत बघत राहायची. तेवढ्या वेळात गॅसवरचं दूध उतू गेलं तरी तिला पत्ता नसायचा. ओटा मी पुसायचे.

बाटली माझ्या धाकट्या भावानं पाठवलेली. तो कॅलिफोर्नियात राहतो. कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्यानं मला अनेकदा समजावून सांगितलंय आणि मी दरवेळी मान हलवलीय. ओळखीच्या एकांचा मुलगा सुट्टीला कोल्हापूरला येत होता, त्याच्याबरोबर भावानं चॉकलेटं पाठवली, आईला गुडघ्याचे पट्टे पाठवले, मला एक पर्स पाठवली जिच्यात आमच्या घराची किल्लीसुद्धा मावत नाही, आणि ही बाटली पाठवली. वर लेबल होतं, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं की आत अस्सल सोनं आहे.

फोनवर तो आईला म्हणाला, "अगं आई, हितं सोन्याची नदी हाय. पोरांस्नी घिऊन गेलतो. सवता धुऊन काढलंय, बग."

इतकी वर्षं तिकडं राहून आईशी बोलताना त्याची कोल्हापुरी अजून तशीच्या तशी बाहेर पडते. ते ऐकलं की मला बरं वाटतं आणि लगेच रागही येतो. एवढं सगळं जपून ठेवलंस, मग तू तिकडं काय करतोयस, असं विचारावंसं वाटतं.

आईनं त्याचं बोलणं त्याच क्षणी खरं मानलं. दुसऱ्या कुठल्या गावच्या बाईनं कदाचित शंका काढली असती. पण आमचं लहानपण गुजरीच्या मागच्या गल्लीत गेलेलं. गुजरी म्हणजे आमच्या गावातली सराफांची गल्ली, अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. तिथं कारागीर दिवसभर सोनं कापतात, घासतात, उजळतात. त्याची धूळ कपड्यांना लागते, केसांत बसते, हातपाय धुतले की गटारात जाते. ते गटार उपसणारी, दुकानांचा केर विकत घेणारी आणि तो घमेल्यात धुऊन त्यातून सोनं काढणारी माणसं आमच्याकडे होती, आजही थोडी आहेत. त्यांना झारेकरी म्हणतात. माझ्या भावाला या लोकांचं वेड होतं. शाळेतून येताना तो दप्तर पाठीवर तसंच ठेवून गटाराच्या कडेला उकिडवा बसायचा. घमेलं फिरतंय, गढूळ पाणी सांडतंय, तळाला काळी वाळू राहतेय आणि त्या वाळूच्या टोकाला पिवळा ठिपका. तो ठिपका दिसेपर्यंत हा जागचा हलायचा नाही. मी मोठी, म्हणून त्याला घरी आणायची जबाबदारी माझी. कानाला धरून आणायचे. एकदा त्यानं आईची भाकरीची परात पळवली आणि गटारातला गाळ तिच्यात धुवायला बसला. आईनं परात राखेनं घासली, आणि भावाला घासायचंही बाकी ठेवलं नाही.

तर "धुऊन काढलंय" म्हटल्यावर आईच्या डोळ्यांसमोर अमेरिका आली नसणार. गुजरीतलं गटार आलं असणार, जरा रुंद आणि स्वच्छ. शेजारणींना ती कौतुकानं सांगायची, "येवढा शिकिवला, विमानानं धाडला, आन् शेवटी काय झाला? झारेकरी!" आणि सांगून झालं की पदर तोंडाला लावून हसायची. खूप दिवसांनी ती अशी हसत होती. म्हणून मीही त्या बाटलीला नमस्कार करायला लागले.

मग एका दुपारी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "मी गेलो की माज्या तोंडात ह्येच घालायचं."

मला आधी कळलंच नाही. तिनं मेथीच्या काडीनं देवघराकडं बोट केलं.

आमच्यात माणूस गेलं की तोंडात तुळशीचं पान घालतात, गंगेचं पाणी घालतात आणि सोन्याचा एक कण घालतात. मुलाच्या हातानं. मुलगा जवळ नसेल तर जे कोणी असेल त्याच्या हातानं. वडील गेले तेव्हा भाऊ जवळ नव्हता. निघाला होता, पण मधल्या कुठल्यातरी विमानतळावर अडकून पडला. दारात माणसं जमलेली, पावसाचे दिवस, किती वेळ थांबणार? ऐनवेळी सोन्याचा कण कुणाकडं मिळेना. शेवटी आईनंच मंगळसूत्रातला एक मणी ओढून काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मी तो वडिलांच्या ओठांतून आत सरकवला. भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. फोन चुलतभावानं धरलेला, तो गर्दीत खाली कललेला, त्यामुळं भावाला बहुतेक जमलेल्यांची पायताणंच दिसली असणार. तो तिकडून ओरडत होता, "बाबा दावा! अरं, मला बाबा दावा की!" मोठा गलका होता, त्यात त्याचं कुणी ऐकलं नाही. आईनं ऐकलं. त्या दिवसानंतर बरेच महिने फोन वाजला की ती दचकायची.

मेथीची जुडी संपवत ती मला समजावून सांगायला लागली, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगतेय. "त्यो यील तवा यील. मी काय त्याच्यासाटनं बर्फात बसू? त्येनं हातानं धुतल्यालं सोनं तोंडात पडलं म्हंजे त्याचा हात लागला. मग त्यो वाटंत असला तरी चालतंय."

"आणि माझा हात?" मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"तुजा हात काय, रोजच लागतोय की," ती म्हणाली आणि मेथी धुवायला उठली.

हे वाक्य मी बरेच दिवस चघळलं. मी लग्न केलं नाही. का केलं नाही तो वेगळा विषय आहे आणि तो मी इथं काढणार नाही. मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी केली, निवृत्त झाले, वडिलांचं केलं, आता आईचं करते. जो रोज समोर असतो त्याची वाट कुणी बघत नाही, यात नवल ते काय. पण खरं सांगायचं तर मला आईचा राग आला नव्हता. मला हेवा वाटला होता, कारण मीही त्याचीच वाट बघत होते, आणि मला बाटली हलवून बघत बसायची सोय नव्हती.

घोळ केला तो वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी. हळदीकुंकवाला आल्या, बाटली बघितली, आणि म्हणाल्या, "काकी, फॉरीनचं असलं शोपीस सगळं पितळंचं असतंय हां. आमच्या भाच्यानं आणलंतं, काळं पडलं."

त्या रात्री आई जेवली नाही. सकाळी पूजा केली, पण बाटली हलवली नाही. मी मोबाईलवर शोधलं. जे वाचलं ते असं की अशा बाटल्यांत बहुतेक वेळा खरं सोनं असतं, पण नावालाच, कागदाहून पातळ. आणि काही बाटल्यांत चक्क पितळेचा पत्रा कुस्करून भरलेला असतो. आपल्या बाटलीत काय आहे ते बाटली बघून कळत नाही. मी आईला हे वाचून दाखवलं. तिनं त्यातला 'पितळ' एवढाच शब्द ऐकला.

"म्हंजे पितळ तोंडात घिऊन जाऊ व्हय मी वर? तुज्या बाबांला काय सांगू?"

"भावाला विचारू का?"

"नगं. त्येला वाईट वाटंल. टंच काढून आणूया."

टंच काढणं म्हणजे सोन्याचा कस तपासणं. आमच्या गावात हा काही मोठा विधी नाही. लोक बांगडी घेऊन जातात, टंच काढतात, परत येतात. मी म्हटलं मी जाऊन येते. पण आईनं नऊवारी लुगडं बदललं, गुडघ्यांना भावानं पाठवलेले पट्टे बांधले आणि बाटली रुमालात गुंडाळून पोलक्यात खोचली. रिक्षात बसल्यावर सगळ्या रस्ताभर तिचा हात छातीवर होता. सिग्नलला रिक्षावाल्यानं आरशातून बघून विचारलं, "मावशी, छातीत दुखतंय काय? दवाखान्यात न्हिऊ?"

"गुजरीत ने," आई म्हणाली.

आम्ही ज्या दुकानात गेलो तिथं आईचं लग्नातलं डोरलं घडवलं होतं. ज्यांनी घडवलं ते आता नाहीत. गादीवर त्यांचा नातू बसतो, तिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा. "या मावशी, बसा बसा," म्हणत त्यानं आईला पंख्याखाली बसवलं आणि चहा सांगितला. आईनं रुमाल सोडून बाटली काचेच्या कपाटावर ठेवली. त्यानं ती उजेडात धरली, हलवली, आणि त्यालाही ती आवडली. एखाद्या लहान मुलासारखा तो ती पुन्हा पुन्हा हलवायला लागला. आईनं ते बराच वेळ सहन केलं.

"खरं हाय का?" तिनं विचारलं.

"असलं मी कदीच बघितलं न्हाई हो मावशी," तो म्हणाला. त्यानं ती आधी आपल्या मशीनखाली ठेवली. कस तपासायचं नवं मशीन, दागिना ठेवला की पडद्यावर आकडे येतात. पडद्यावर आले ते आकडे सोन्याचे नव्हते, काचेचे आणि कशाकशाचे होते. तो हसायला लागला. "ह्याला बाटलीच दिसतीया." मग त्यानं कसोटीचा दगड काढला, मग तोही परत ठेवला, कारण घासायला काही जाड असायला हवं ना. शेवटी तो म्हणाला, "उघडाय लागंल. उघडू?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. इतके दिवस देवात ठेवलेली वस्तू. तिनं मान हलवली.

त्यानं झाकणाचा डिंक चाकूनं काढला आणि बाटली एका पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत ओतली. आतलं पाणी जरा चिकट होतं. बाटलीत एवढे दिसणारे कपचे बशीत अगदीच थोडे निघाले. मला वाईट वाटलं. बाटलीची काच गोल असते, ती आपल्याला सगळं मोठं करून दाखवते. एका बारीक ब्रशनं त्यानं दोन कपचे उचलून वेगळ्या काचेवर ठेवले. शेजारी पितळेच्या पातळ पट्टीचा एक तुकडा ठेवला, दोन्हींत फरक कळावा म्हणून. आणि दोन्हींवर तेजाबाचा एकेक थेंब सोडला.

पट्टीवरचा थेंब फसफसला आणि हिरवा झाला. कपच्यांवरचा थेंब तसाच राहिला, नितळ. त्याच्याखाली दोन्ही कपचे पिवळेधमक. आम्ही तिघंही काचेवर वाकलो होतो. आईचा श्वास काचेवर उमटला.

"खरं हाय मावशी. तेजाबाला दाद दिली न्हाई."

आईनं डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले, त्याला की थेंबाला ते कळलं नाही. मग तिला एकदम दुकानभर बोलावंसं वाटलं. माझा लेक अमेरिकेत असतो, त्यानं नदीत उतरून हे धुऊन काढलं, लहानपणी इथंच गटारापाशी बसायचा, तुझ्या आज्यानं त्याला कितीदा हाकललंय. सराफ ऐकत होता, हसत होता, आणि ऐकता ऐकता बशीतले उरलेले कपचे ब्रशनं एका बाजूला करत होता. मग त्याचा हात थांबला.

"पर मावशी," तो म्हणाला, "ह्ये धुतल्यालं न्हवं."

"म्हंजे?"

"वाळूतलं सोनं दाण्यावानी असतंय, जरा जाड. आमच्यात झारेकऱ्यांकडनं येतंय न्हवं, मी बघितलंय. ह्ये वर्ख हाय. ठोकून पातळ केलंय आन् मग कुस्करून बाटलीत घातलंय. कारखान्यात करत असतील." आईचा चेहरा बघून तो घाईघाईनं म्हणाला, "सोनं मातूर शंभर टक्के खरं. किंमत म्हणशीला तर आपल्या ह्या चहाचीबी न्हाई, पर खरं."

मी त्याच्या जागी असते तर गप्प बसले असते. पण त्याचं काय चुकलं? आम्ही खरंखोटं विचारायलाच गेलो होतो. त्यानं बाटली धुतली, कपचे स्वच्छ पाण्यात घालून तिच्यात परत भरले आणि झाकण घट्ट बसवून दिलं. पैसे घेतले नाहीत. आईनं बाटली रुमालात गुंडाळली, पण पोलक्यात खोचली नाही. माझ्या हातात दिली.

येताना पुन्हा रिक्षा केली. बिंदू चौकात ऊसगाड्यांनी रस्ता अडवलेला, रिक्षा तिथंच घुरघुरत उभी राहिली. तेव्हा ती मला म्हणाली, "दुकानातनं घेतलंय त्येनं."

"सोनं खरं आहे ना पण."

"सोन्याला काय करायचंय?" ती म्हणाली. "सोनं काय आपल्याकडं न्हवतं व्हय?"

मला तेव्हा भावाचा असा काही संताप आला की तो समोर असता तर मी त्याला पुन्हा कानाला धरला असता. एक वाक्य. 'दुकानातून घेतलं' एवढं खरं एक वाक्य म्हणाला असता तर आईनं चार दिवस बाटली टीव्हीवर ठेवली असती आणि विसरून गेली असती. लांब राहणारी माणसं गोड बोलतात, आणि त्या गोड बोलण्यावर इकडची माणसं जगतात, हे त्यांना कोण सांगणार?

रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. तिकडं शनिवारची संध्याकाळ असते. आईची अंघोळ, पूजा झालेली असते, मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा करते. त्या रविवारी मी तिला बजावलं होतं की तू काही बोलू नको, मी बोलते. माझी तयारी होती. शब्दही जुळवून ठेवले होते, चांगले तिखट. पण पडद्यावर त्याचा चेहरा आला आणि आईनं विचारलं, तेही रागानं नाही, जेवलास का विचारावं तसं.

"बाळ, ते सोनं तू धुतलंस?"

तिकडं मागं कुठंतरी भांडी वाजत होती. त्याचे केस मधोमध विरळ झालेत, समोरून दिवा असला की दिसतं. दर रविवारी बघूनही त्या दिवशीच ते माझ्या नजरेत भरलं.

"धुतलं गं आई," तो म्हणाला. "दुपारभर धुतलं. पैसे भरले की घमेलं देत्यात, नदीत उतराय देत्यात. पोरं कंटाळून गाडीत जाऊन बसली. मी आपला फिरवतोय, फिरवतोय. सारखं वाटायचं, आता दिसंल. काय न्हाई आलं. निस्ती वाळू." मग म्हणाला, "रिकाम्या हातानं कसं धाडू, म्हणून दुकानातनं घेतली बाटली."

माझे तिखट शब्द तिथंच गळाले. मला तो दिसला, टक्कल पडत चाललेला, परक्या नदीत उकिडवा बसलेला, आणि त्याला कानाला धरून घरी आणायला तिथं कुणी नव्हतं.

आई फोनकडं जरा वाकली. मग म्हणाली, "पाणी गार हुतं?"

"लई गार."

"हं." तिनं पदरानं नाक पुसलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाटली आण."

मी आणली. म्हटलं, ठेवेल समोर, दाखवेल त्याला. तर ती म्हणाली, "उघड. माज्या तोंडात घाल."

"आई!"

"तुजा हात न्हाई लागला त्येला," ती फोनकडं बघून भावाला म्हणाली. "त्येला तू तरी काय करणार? नदीनं दिलं न्हाई. पर डोळं तर लागूंद्यात तुजं. बाबांच्या टायमाला काय दिसलं न्हाई तुला. आता नीट बग."

"अगं, हे जित्या माणसाला करतात का कधी?" मी म्हटलं. मला भीती वाटली. असलं काही बोलणंसुद्धा अशुभ, ती तर करायलाच निघालेली.

"का करत न्हाईत? तुमी दोगं जलमलासा तवा मधात सोनं उगाळून चाटिवलंय मी तुमाला. ह्या बोटानं. तवा जित्तीच हुतासा की दोगं." तिनं मला बोट दाखवलं, जणू मी नाही म्हटलं होतं. "मी तुमच्या तोंडात घातलं, तुमी माज्या घाला. मेल्यावर मला काय कळणार हाय, कोण हुतं आन् कोण न्हवतं?"

भाऊ तिकडून म्हणाला, "आक्का, नगं. तिला नगं म्हण." त्याचा आवाज बापडा झाला होता.

आक्का काय म्हणणार? मी झाकण काढलं. तुळशीचं पान खुडून आणलं, कारण करायचंच तर रीतीनं करावं. बाटलीतलं पाणी वाटीत ओतलं आणि एक कपचा बोटावर घेतला. तो बोटाच्या रेषांत असा बसला की जणू तिथंच उगवलाय. आईनं तोंड उघडलं. तिचे खालचे दात गेलेत, वरचे थोडे उरलेत. मी तिच्या जिभेवर तुळशीचं पान ठेवलं आणि त्यावर कपचा झटकायला गेले, तर तो सुटेचना. आईनं सरळ माझं बोट ओठांत धरलं आणि जिभेनं तो काढून घेतला. तिची जीभ गरम होती. वडिलांचे ओठ मला आठवले, आणि ही जीभ गरम आहे, गरम आहे, एवढंच माझ्या मनात घुमायला लागलं. मला रडू फुटलं.

भाऊ फोनच्या अगदी जवळ आला होता. पडद्यावर नुसते डोळे आणि नाक.

"दिसलं?" आईनं पान चावत विचारलं.

"दिसलं."

"सगळं दिसलं न्हवं?"

"व्हय गं आई."

"मग झालं. आता माजं काय बी झालं तरी विमानामागं पळू नगंस. कुटं अडाकलास तर अडाकलास. वरडायचं न्हाई. तुज्यादेखत झालंय माजं."

तो हाताच्या पाठीनं डोळे पुसत राहिला, आणि मग मोठ्या मुश्किलीनं म्हणाला, "मी येतो आई. दिवाळीला येतो, नक्की."

"ये की. पर मला बगायला म्हणून येऊ नगंस." आईनं वाटीतलं उरलेलं पाणीही पिऊन टाकलं, उरल्यासुरल्या सोन्यासकट, आणि वाटी माझ्याकडं सरकवली. "आता नुस्तं जेवाय ये," ती त्याला म्हणाली.

एवढं बोलून ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून सावकाश, आणि भाकरीचं पीठ घ्यायला गेली. तिचं काम झालं होतं. तिनं त्याला मोकळा केला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, डोळ्यांत पाणी असूनसुद्धा.

पण मी नव्हता केला. मी फोन साखरेच्या डब्यावरून उचलला, तोंडाजवळ धरला आणि आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्याला म्हटलं, "दिवाळी लांब हाय रं. आदी ये."